काचेबाहेरचा काटा

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

सप्रेम आशीर्वाद. तुम्ही खुशाल आहात असं धरून चालते. वाईट बातमीला पाय असतात, ती एव्हाना इथवर पोचली असती. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी गुडघ्याच्या. मुलगी रविवारी फोन करते आणि "आई, जेवलीस का?" हा एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी विचारते. वाचनालयाच्या बाई आता पुस्तक परत करायच्या तारखेवरून मला बोलत नाहीत, उलट नवं आलं की बाजूला काढून ठेवतात. सातवीत शाळा सुटली त्याचं उट्टं काढतेय.

स्वयंपाकघराची खिडकी अजून तशीच अडकते. तुम्ही ती एका ठोक्यात उघडायचात.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. आपली गाडी. तीच, लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला घासत जाणारी. शेड आवरताना यांच्या अवजारांच्या कपाटात एक खोकं सापडलं, न फोडलेलं. आत पेट्रोलचं प्रेशर दाखवणारं मीटर होतं. खोक्यावर पार्सलची तारीख होती. हे दवाखान्यात भरती व्हायच्या जरा आधीची, म्हणजे तुमचं दोघांचं बिनसल्यानंतरची. मी ते हातात घेऊन तिथेच स्टुलावर बसून राहिले.

कोपऱ्यावर आता एका बाईंचं गॅरेज आहे. तुम्ही जाणं-येणं सोडलंत त्यानंतर त्या आल्या. मला काकू म्हणतात. त्यांना बोलावलं.

"काकू, गाडी चालू आहे ना? मग मीटरची हौस कशाला?"

"चढावर आचके द्यायची. हे गेल्यापासून कोणी चढावर नेलीच नाही."

त्या खाली वाकल्या, टॉर्च मारला. "पंप कोणी बसवलाय?"

"माझ्या दिराने."

"हात चांगला आहे हो. वायरी बघा कशा बांधल्यात. आमच्या ह्यांना बुटाची नाडीसुद्धा अशी बांधता येत नाही."

मीही गुडघा सांभाळत वाकून त्या वायरी पाहिल्या.

मीटर बसवायला अख्खी सकाळ गेली. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला जोर उतरतो. मग बॅटरी सोडवली, खाली फडकी अंथरली, नळी कापून मध्ये तीन तोंडांचा जोड घातला. मीटर मात्र आत लावलं नाही. पेट्रोलची नळी माणसांच्या मांडीशी आणायची नाही, असं त्या म्हणाल्या, आणि इंग्रजी माहितीपत्रकातही तेच होतं, मी शब्दकोश घेऊन वाचून दाखवलं. म्हणून काचेबाहेर, बॉनेटच्या मागच्या कडेला बसवलं. आतून काटा स्वच्छ दिसतो.

बाई एकट्या चढावर जाऊन आल्या. "काटा खिळल्यासारखा, जराही हलला नाही, काकू. पंपाला नाव ठेवायला जागा नाही."

मी म्हटलं, मला घेऊन चला.

पाण्याच्या टाकीमागचा चढ तुम्हाला आठवतच असेल. अर्ध्यात काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली येऊ लागला आणि गाडी खोकली. तेच ते. बाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून रेस दिली. काटा खालीच. "जरा उतरा बरं." उतरले. काटा वर. "बसा." बसले. काटा खाली.

"काकू, रागावू नका, पण बिघाड तुमच्यात आहे!"

"सरळ म्हणा ना, वजन वाढलंय!"

दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. यांच्यामागे इतकी हसले नव्हते.

मग गाडी उचलून खालून पाहिली. माझ्या सीटखाली पत्र्याला नवी भोकं आहेत, आणि खालून बोल्टांना एक लोखंडी पट्टी लावली आहे. मी बसले की पत्रा दबतो आणि पट्टी पेट्रोलच्या नळीवर टेकून ती चिमटते. पट्टी तुमच्या दादांच्या हातची. त्यांनी सीट मागे घेतली होती, मला पाय लांब करता यावा म्हणून. मला बोललेही नव्हते. एके दिवशी बसले तर पाय सरळ झाला. मला वाटलं, गुडघाच बरा होतोय.

भावोजी, तुम्ही एकटे चालवून बघायचात तेव्हा गाडी ठणठणीत, आणि आम्ही दोघं निघालो की रडायची. "पंप चांगला आहे, दादा," एवढंच तुम्ही म्हणालात. त्यावर हे अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं जे बोलले, ते मी इथे लिहीत नाही. सख्ख्या भावाला जुना माल गळ्यात मारणारा म्हणावं! तुम्ही किल्ली कठड्यावर ठेवलीत आणि गेलात.

मी बरेच दिवस विचार करते आहे. ज्याला आपलंच खरं वाटतं, तो मीटर मागवत नाही. खोटं पडायची तयारी झाल्यावरच माणूस असलं काही मागवतो. ते लावायला त्यांच्या अंगात बळ उरलं नाही, एवढंच.

आणखी एक सांगायचं आहे. ते सांगताना रडू येईल म्हणून इतके दिवस टाळलं. दवाखान्यात रोज सकाळी खोलीच्या दाराशी चहाचा थर्मास असायचा. कोण ठेवतं, ते नर्सने मला सांगितलं होतं. तुम्ही बाकावर बसून निघून जायचात, तेही. यांना मी काही बोलले नव्हते. पहिल्या दिवशी एक घोट घेऊन ते म्हणाले, "धाकट्याला चहात आलं किती घालावं ते अजून कळत नाही." आणि कप पुढे केला, आणखी ओत म्हणून. शेवटी शेवटी अन्न जात नव्हतं, पण तो चहा जायचा. तुमचे हे उपकार मी कुठल्या शब्दांत मानू?

बाई पट्टी लगेच काढणार होत्या, मी काढू दिली नाही. आधी तुम्ही ती डोळ्यांनी पाहावी आणि तुमच्याच हाताने सुटावी. कधीही या, कळवायची गरज नाही.

त्यांचं म्हणायचं राहून गेलं, ते त्यांच्या वतीने मी म्हणते: धाकट्या, पंप चांगला होता. माझं चुकलं.

तुमची,
वहिनी