निळ्या वहीतल्या दोन सह्या

फ्लॅट बुश, मंगळवार, १४ ऑगस्ट २०१८

प्रशांतने आज सकाळी फोनवर मला ‘ताई’ म्हटलं, म्हणून लिहायला बसले आहे. कम्युनिटी मॅजिस्ट्रेटच्या, म्हणजे किरकोळ खटले चालवणाऱ्या न्यायाधिकाऱ्याच्या पदासाठी त्याने अर्ज केलाय आणि रेफरी, म्हणजे त्याच्याबद्दल खात्री देणारी व्यक्ती, म्हणून माझं नाव दिलंय. मला न विचारता.

“ताई, आपला माणूस त्या खुर्चीत बसला तर आपल्याच लोकांचं भलं ना? दोन ओळी छान लिहा, बस.”

सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या जेवणात याच प्रशांतने सगळ्यांदेखत विचारलं होतं, “काकू, तुमची पुण्याची एलएलबी इथे परदेशात लोणच्याच्या बरणीवर चिकटवणार का?” सगळे हसले. मीही हसले, हेच अजून सलतं.

निवड समितीने मला पडताळणीसाठी पाठवलेल्या कागदात त्याने आपला अनुभव असा लिहिलाय: मनुरेवातलं शनिवारचं मोफत कायदा सल्ला केंद्र आठ वर्षं चालवलं. चालवलं मी! हजेरीच्या निळ्या वहीत दर शनिवारी माझी सही आहे. त्याच्या दोन. दोन्ही वेळा फोटो काढायचे होते.

बरणीचंही लिहू का? हात शिवशिवत होते. पण मग ‘काकू चिडल्या’ म्हणून तो सुटेल. सुटायला नकोय मला तो.

दुपारी समितीच्या काउंटरवर दिलं: “सोबतची वही पाहावी” एवढ्या एकाच वाक्याचं पत्र आणि निळी वही, त्याच्या दोन सह्यांपाशी खुणेच्या चिठ्ठ्या लावून. पोच घेतली.