तू थांब म्हणाली होतीस

आये,

तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे तुला कुणीतरी वाचून दाखवणार, आणि वाचणारा मधलं काय गाळेल नि पदरचं काय घालेल याचा मला भरवसा नाही. तरी लिहिते. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले, पण पेठेतल्या बायकांच्या घरी पोळ्या लाटून लाटून भाषा जरा सुधारली. जीभ मात्र होती तशीच राहिली असं माझी सून म्हणते, आणि ती काही खोटं बोलत नाही. लिहायचं कारण तुझा तो फोटो. तू गेल्यावर त्या फोटोनं आमच्या घरात काय काय केलं ते तुला ठाऊक नाही. परवा तर माझ्या नातीनं मला स्वयंपाकघरात गाठून तुझ्याबद्दल एक प्रश्न विचारला. माझ्या उत्तरावर ती तिच्या साहेबाला हो म्हणणार की नाही ते ठरणार होतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे मी वर आले की तू मला धारेवर धरायला नकोस.

तो दिवस तुला आठवत असेल. वारज्याच्या बाहेर तो मोठा रस्ता व्हायचा होता आणि तू गोणपाटाच्या सावलीत बसून खडी फोडत होतीस. म्हातारपणी कशाला म्हणून मी भांडायचे, तू ऐकायची नाहीस. मी कामावरून सुटून तुझी भाकरी घेऊन आले होते. तो दाढीवाला, खांद्याला झोळी, बरेच दिवस तिथं घुटमळत होता. सगळ्या बायकांना म्हणायचा, तुम्ही आपलं काम करा, माझ्याकडे बघू नका. मी तेव्हाच ठरवलं की याच्याकडे नीट बघायचं. तर तो तुझ्यासमोर उकिडवा बसतो, कॅमेरा डोळ्याला लावतो, आणि तू हातोडी खाली ठेवून पंजा त्याच्या पुढ्यात धरतेस, त्या वाकड्या करंगळीसकट. "थांब की रं बाबा," तू म्हणतेस, "तोंड धुऊन, चांगलं नेसून येते." तुझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यानं खटका दाबला. मी हाताच्या अंतरावर उभी होते म्हणून सांगते. तू नको म्हणाली नव्हतीस. थांब म्हणाली होतीस.

मग तू खोपटात गेलीस. पिंपातल्या पाण्यानं तोंड धुतलंस, माझ्या मुलाच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसलीस, माझ्या पायातल्या चपला काढून घेतल्यास आणि खडीच्या ढिगाशेजारी हात सरळ सोडून उभी राहिलीस, झेंडावंदनाला राहावं तशी. मी अनवाणी, पाय भाजत होते. तो हसला, छान छान मावशी म्हणाला, कॅमेरा डोळ्याला लावला, दोन काढले म्हणाला. पण आये, मी इतका वेळ त्याचा अंगठा बघत होते. एक फोटो झाला की तो अंगठ्यानं एक दांडी ओढायचा, तेव्हा पुढचा निघायचा. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या वेळी अंगठा एकदाही हलला नाही. कॉपी आणून देतो म्हणाला. त्यानंतर तू कितीतरी दिवस मला विचारत राहिलीस, आला का गं तो. मी म्हणायचे, येईल. अंगठ्याचं तुला बोलले नाही. तू त्याला शिव्या घातल्या असत्यास आणि फोटो तरीही आला नसता. तू गेलीस तेव्हा पाटावर ठेवायला तुझा फोटो नव्हता. ते लुगडंच घडी करून ठेवलं आणि त्याला फुलं वाहिली. तो दाढीवालाही आता गेला म्हणतात. तिकडे गाठ पडलीच तर विचार त्याला, रोल संपला होता की तुझ्यावर घालवायचा नव्हता.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मी जिथं पोळ्या करायचे त्या बाई म्हणाल्या, फोटोंचं प्रदर्शन लागलंय, तुम्हीही चला, नातीलाही आणा, फुकट आहे. फुकट म्हटलं की मला आधी संशय येतो, पण शाळेला सुट्टी होती आणि पोर घरात धुमाकूळ घालत होती. नऊ वर्षांची असेल. हॉलमध्ये गारवा, माणसं हळू आवाजात बोलत होती, मयताला आल्यासारखी. आणि तिथं भिंतीवर तू, दाराएवढी मोठी. पंजा पुढे, पंजाच्या मागून एक डोळा नि अर्धं कपाळ. मी तुला करंगळीवरून ओळखलं. खाली चिठ्ठी होती, ती पोरीनं मोठ्यानं वाचली: नकार. नकार म्हणजे काय, तिनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, नाही म्हणणं. ती बाई त्या फोटोवाल्याला नाही म्हणतेय, बघ हातात केवढी ताकद आहे. मी म्हटलं, ही माझी आई. बाईंनी तोंडावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं, तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल म्हणाल्या.

"नाही म्हणत होती," मी विचारलं, "तर मग काढला कसा?"

"तसं नसतं हो ते," बाई म्हणाल्या. पुण्यात उत्तर नसलं की तसं नसतं म्हणतात.

मी खरं काय ते तिथंच सांगणार होते. पण वळून बघते तर पोर तुझ्यासमोर उभी आहे आणि तिनं आपला पंजा तुझ्यासारखा पुढे धरलाय, बोटं तुझ्याइतकीच फाकवून. हाक मारली तरी हलेना. ही माझी पणजी, विचारलं तिनं. हो म्हटलं. आणि ती नको म्हणाली? मी म्हटलं, चल, बस चुकेल. त्या दिवशी मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तिथून ते सुरू झालं. बाकीची पोरं टीव्ही बघून नाचायला शिकली, ही तुझ्याकडून पंजा धरायला शिकली. भात वाढायला गेलं की पंजा. मामानं गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला की पंजा. शाळेत बाईंनी वर्ग झाडायला वस्तीतल्या मुलींनाच उठवलं, तेव्हाही पंजा, आणि मला शाळेत जाऊन उभं राहावं लागलं. मला वाटायचं, एका खोटारड्या चिठ्ठीनं माझी पोर बिघडवली. मग एकदा आम्ही स्वारगेटहून बसनं येत होतो. तेरा-चौदाची होती. मी खिडकीशी, ती कडेला, आणि एक माणूस गर्दीचं निमित्त करून तिच्या अंगावर रेलत होता. माझ्या ध्यानात यायच्या आधी तिनं पंजा त्याच्या नाकासमोर धरला आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं "नको" म्हणाली. माणूस पुढच्याच स्टॉपला उतरला. आये, त्या वयात माझ्याही अंगावर कुणीतरी रेललं होतं आणि मी खाली बघितलं होतं, कारण तू मला खाली बघायलाच शिकवलं होतंस. हे तिला तू शिकवलं नाहीस आणि मी तर नाहीच. हे त्या फोटोनं शिकवलं. म्हणून मी काही फोटोवाल्याचे उपकार मानत नाही. पण त्या दिवसानंतर चिठ्ठीबद्दल तोंड मिटून घेतलं ते घेतलं. पुढे बघायला आलेल्या माणसांनी, लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल असं म्हटल्यावर तिनं त्यांनाही पंजा दाखवला. ते उठून गेले, पोहे आम्हीच खाल्ले. तिच्या फोनवरही तूच आहेस. फोन वाजला की आधी तुझा पंजा दिसतो.

आता ती खराडीला काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करते. नेमकं काय करते ते तिनं मला समजावून सांगितलंय आणि मी हो हो म्हटलंय. आम्ही वस्ती सोडली, वारज्यालाच फ्लॅट घेतला. तू खडी फोडलीस त्या रस्त्याचा आवाज बाल्कनीत येतो. तर तिचा साहेब तिला म्हणाला, तुझ्यासारख्या घरांतून वर आलेल्या मुलांचे फोटो ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावायचेत, तुझा आजीबरोबर काढू. अमेरिकेला कुणाला पाठवायचं हे तोच साहेब ठरवतो आणि हिला जायचंय, हे मुद्दाम सांगून ठेवते. रविवारी ऑफिसातली एक मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन आली. मी जांभळी इरकल नेसून, केसांना कलप लावून बसले होते. त्या मुलीनं फ्रीज बघितला, फरशी बघितली, माझी इरकल बघितली आणि चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखं तिचं तोंड उतरलं. मग गोड आवाजात म्हणाली, "आजी, तुमची ती जुनी रूम आहे ना अजून? आपण तिथे शूट करू. आणि साडी ना, एकदम रोजची घाला. जस्ट नॅचरल."

मी विचारलं, ही काय प्लॅस्टिकची आहे? ती हसली. चूल मिळेल का म्हणाली. मी म्हटलं, चूल माझ्या सासूबरोबर गेली. फोटो केवढा होणार, तेही विचारून घेतलं. भिंतभर, म्हणाली.

नातीनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"आजी, मी यांना नाही म्हणून सांगणारे. सर नाराज होणार, अमेरिकेचं बहुतेक जाणार माझं. माहितीये मला." हळू बोलत होती, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "पण आधी तू खरं सांग. पणजी नको म्हणाली होती ना?"

"आत्ता कशाला ते?"

"तू कधीच नीट सांगत नाहीस. मी विचारलं की तुझी बस चुकते. म्हणाली होती की नाही, एवढंच सांग."

चहा उकळत होता, मी गॅस बारीक केला. खरं माझ्या तोंडात तयार होतं. तुला फोटो हवा होता, त्यासाठी तू माझ्या पायातल्या चपलासुद्धा काढून घेतल्यास, आणि ज्याला ही एवढी वर्षं नकार म्हणत आली ते चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनातलं होतं. हे सांगितलं असतं तर ती गप्प बाहेर गेली असती, मला जुन्या खोलीत घेऊन बसली असती आणि अमेरिकेला गेली असती. तिचं वाईट झालं असतं असं नाही. मी तिच्या हाताकडे बघितलं. ओट्याची कड घट्ट धरून होता. बसमध्ये त्याला कशाचा आधार लागला नव्हता.

"नको म्हणाली," मी म्हटलं. "दोनदा म्हणाली. तरी त्यानं काढला."

शेवटचं वाक्य तरी खरं होतं.

ती बाहेर गेली. पंजाबिंजा काही नाही, आता मोठी झाली, इंग्रजीत सांगते. दाराआडून मला ऐकू येत होतं. पुष्कळ बोलली, मधे मधे सॉरी म्हणाली, पण आवाज कुठं खाली आला नाही. त्या मुलीनं समजावून बघितलं, मग बॅग उचलली. चहावर साय धरली तो मीच पिऊन टाकला. साहेब अजून काही बोललेला नाही. न बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो, तेव्हा अमेरिकेचं मी धरून चालत नाही. नात रोज जाते, येते, जेवते. काल म्हणाली, आजी, बरं झालं तू सांगितलंस. मी मेथी निवडत होते, मान वर केली नाही.

तर आये, पुढेमागे ती तिकडे येईल आणि तुला विचारेल, तेव्हा तू नको म्हणाली होतीस. घोकून ठेव. तुझा आवाज मी वापरला, तुला विचारलं नाही, यावरून भांडायचं असेल तर माझ्याशी भांड, तिच्यासमोर नको. हे लिहिलेलं मी फाडून टाकणार आहे, कारण तिला वाचता येतं. पण फाडायच्या आधी एक सांगते, बाकी कुणाला सांगायची सोय नाही. ती माणसं गेल्यावर मी त्यांची गाडी वळेपर्यंत खिडकीत उभी होते. इरकल सोडली नाही, झोपायच्या वेळेपर्यंत अंगावर ठेवली. मला तो फोटो हवा होता. त्या मुलीनं आणखी एकदा म्हटलं असतं, तर मी रोजचीसुद्धा नेसले असते.