‘या जेवायला’ म्हटल्यावर

दादा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. गेलेल्या बापावर चिडू नये म्हणतात. पण तुम्ही मला जे शिकवलंत तेच दुसऱ्याच्या लेकराला शिकवताना माझ्या नाकी नऊ आले आहेत. त्याचा जाब दुसऱ्या कुणाला विचारू?

बाळापूरच्या बाजारातलं आपलं शिलाईचं दुकान. तुमच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे तुम्ही बोलायचा नाहीत, नुसते बघायचात. एक नजर म्हणजे ऊठ, गिऱ्हाइकाला पाणी आण. दुसरी म्हणजे मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नको. डोंगरकड्याला आत्याकडे पंगतीत मी आणखी एका पुरणपोळीसाठी हात पुढे केला, आणि तुम्ही पलीकडून असे काही डोळे वटारलेत की हात तसाच तांब्याकडे वळला. ‘पुरे, पोट भरलं,’ मी म्हणाले. भरलं नव्हतं. परतताना आत्या म्हणाली, ‘लई गुणाची हाय पोरगी,’ आणि तुम्ही खूश झालात.

आता मी शाळाशाळांतून फिरते. ज्या मुलांना माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, त्यांना चारचौघांत कसं वागायचं ते शिकवणं ही माझी नोकरी. शिरड शहापूरच्या पुढे एका गावात अशी एक नववीतली मुलगी आहे. तिच्याकडे डोळे वटारून बघितलं तर ती काळजीनं विचारते, ‘बाई, डोळ्यात काई गेलं का?’ तिच्यापुढे तुमची सगळी विद्या फुकट. आपल्याकडे ओट्यावर जेवणारा माणूस जाणाऱ्या-येणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो, आणि जाणाऱ्यानं ‘होऊ द्या, चालू द्या’ म्हणून पुढे सरकायचं असतं. ही मुलगी चप्पल काढून सरळ ताटाशेजारी जाऊन बसायची. गाव आधी हसलं, मग तिच्या आईला ऐकवायला लागलं, ‘घरी वाढत न्हाईस का लेकराला?’

त्यात थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. तिची आई शाळेत येऊन हळूच म्हणाली, ‘बाई, हिला लग्नात ठिवावं का मावशीकडं पाठवून द्यावं, कळंना. सोयऱ्यांसमोर हिनं काई केलं तर थोरलीला जन्मभर बोलणी बसतील.’ सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि हिला पाठवून द्यायचं! मी म्हणाले, महिनाभर थांबा, मी शिकवते.

शिकवते म्हणजे काय, माझं डोकं! ती विचारायची, ‘खाऊ घालायचं न्हाई तर या जेवायला काहून म्हणतेत?’ मी सांगायची, म्हणतात, बस्स. तिला ‘बस्स’ चालत नाही, नियम लागतो. शेवटी वैतागून मी नियम केला. कुणी हाताला धरून नेलं तर बसायचं. नुसतं तोंडानं म्हटलं तर ‘होऊ द्या’ म्हणायचं आणि पुढे जायचं. महिनाभर आम्ही तेच घोकलं. मी जेवायला बोलवायची, ती ‘होऊ द्या’ म्हणायची.

लग्न झालं. तिच्या आईचा फोन आला. ‘बाई, लई शहाण्यासारखी वागली. कुणाला कळलंसुदिक न्हाई.’ मी दिवसभर हवेत होते. पुढच्या खेपेला शाळेत गेले तेव्हा मुलीला विचारलं, काय काय होतं गं जेवायला? म्हणाली, ‘म्या जेवलेच न्हाई. सगळे म्हणले जेवून घे, जेवून घे. हात कुणीच धरला न्हाई, बाई.’ सकाळच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत ती एवढ्या मोठ्या मांडवात ‘होऊ द्या, होऊ द्या’ म्हणत उपाशी फिरली होती. तिची तक्रार नव्हती. नियम बराबर पाळला म्हणून ती शाबासकीची वाट बघत होती.

मला शाबासकी देता आली नाही. राग आला, दादा. मांडवातल्या सगळ्यांचा, माझ्या नियमाचा आणि तुमचा. उपाशी लेकराला गुणाचं म्हणणारी ही कसली रीत, आणि मी ती पगार घेऊन शिकवते. तिथल्या तिथे नियम मोडीत काढला. भूक लागली तर ‘मला भूक लागली’ म्हणायचं, कुणाला काय वाटायचं ते वाटू दे.

काल शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले होते. आईनं म्हटलं, ‘जेवून जा की बाई.’ मी सवयीनं म्हणाले, ‘नको, आत्ताच जेवले.’ तर मुलगी आईसमोर, मोठ्यानं, ‘बाई खोटं बोलून राहिल्या. त्यायनं आज डबाच आणला नव्हता.’ माझे डोळे आपोआप मोठे झाले, अगदी तुमच्यासारखे. तिला त्याचा पत्ताच नव्हता. तिनं माझा हात धरला, मला ताटापुढे नेऊन बसवलं आणि वाढायला घेतलं.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही आणि पोचलं तरी तोंडातल्या टाचण्या काढून तुम्ही उत्तर देणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी हवी होती, दादा. मागितली नाही.