आवाज चढला की कॅपिटल

प्रिय दादा,

आज ऑफिसात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही. आमच्या प्रोग्राममधून दवाखान्याच्या पेशंटना तपासणीची आठवण करून देणारे मेसेज जातात. सोमवारपासून ते काही जणांना जाईनात. एका आजींची तपासणी हुकलीसुद्धा. सगळी टीम कोडवर तुटून पडली. माझ्या शेजारी बसतो तो शिट्टी, एरवी दिवसभर शिट्टी वाजवणारा, दोन दिवस अगदी चिडीचूप!

मग मॅडम म्हणाल्या, "तू एकदा ऐकून बघ गं." मी हेडफोन चढवले. तुला आठवतं, सुरुवातीला पडद्यावरचं वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर प्रत्येक कॅपिटल अक्षराआधी "कॅप, कॅप" म्हणून ओरडायचा आणि मी वैतागून रडायचे? आपल्या मराठीत ही भानगडच नाही, अ तो अ. पण कोडमध्ये एक अक्षर स्मॉलचं कॅपिटल झालं की नावच वेगळं होतं, आणि शब्द सलग ऐकला तर दोन्ही सारखेच वाटतात. तेव्हा तू कोडच्या ओळी मला वाचून दाखवायचास आणि कॅपिटल आलं की आवाज चढवायचास. वहिनी हसून बेजार व्हायची. मी मशीनलाही तेच करायला लावलंय: कॅपिटल आलं की "कॅप" नाही म्हणायचं, नुसता सूर वर न्यायचा. शंका आली की मी एकेक अक्षर ऐकते.

तर आज एकेक अक्षर ऐकत होते आणि एका नावाच्या मधोमध आवाज टुणकन उडाला! तिथे सूर चढायचं काही कारणच नव्हतं. मागे जाऊन पुन्हा ऐकलं. हवा होता स्मॉल एल, बसला होता कॅपिटल आय. मी सांगितलं तर शिट्टी म्हणाला, "अगं, दोन्ही नावं सारखीच तर दिसतायत!" दिसणारच. त्याच्या पडद्यावर दोन्ही अक्षरं म्हणजे नुसती उभी रेघ. कुणीतरी ते नाव स्कॅन केलेल्या छापील कागदावरून उचललं होतं, स्कॅनमध्ये एलचा आय झाला, आणि कॉम्प्युटरने मुकाट्याने त्याला नवं नाव मानलं. शिट्टीने अक्षर बदललं, मेसेज धडाधड सुटले, आणि दादा, त्याने अशी शिट्टी मारली की माझ्या कानठळ्या बसल्या! मॅडमनी आजींना स्वतः फोन करून लगेचची वेळ मिळवून दिली. आता टीममधले चौघं माझ्याकडून स्क्रीन रीडर शिकणार आहेत. मी हवेत आहे नुसती!

पण दादा, एवढ्यासाठीच लिहीत नाहीये. काल वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, ती फार घाबरलीय. डॉक्टर काय म्हणाले, तुझ्या डोळ्यांचंही आता माझ्यासारखंच होत चाललंय, आणि तू राजीनामा लिहून ठेवलायस, सगळं सांगितलं तिने. तो देऊ नकोस. शनिवारी सकाळी मी येतेय. थोडं दिसतंय तोवरच कानांनी काम करायला शिकू. पहिले काही आठवडे डोकं उठेल, तू मला शिव्या घालशील. खुशाल घाल. पण घरी बसायचं नाव काढू नकोस. मला अजून कितीतरी वर्षं तुझ्याशी कोडवरून कडाकडा भांडायचंय.

शनिवारची वाट बघणारी,
तुझीच
छोटी