पंचमीचं मूळ

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुमच्यावर अजून चिडलेलीच आहे. नांदेडच्या आपल्या गल्लीत आजही तुमचा विषय निघाला की बायका म्हणतात, नवरा असावा तर असा. बायको तापानं पडली तेव्हा कचेरीत रजा टाकून भाकरी थापल्या, तिची वेणी घातली, तिला कधी एकटं सोडलं नाही. मी मान हलवते, कारण ते सगळं खरं आहे. माझ्या शाळेत, माझ्या आजारपणात तुम्ही कुठंच कमी पडला नाहीत. पण ते "कधी एकटं सोडलं नाही" कौतुकानं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दर नागपंचमीच्या आधी किनवटहून मामा आईला न्यायला मूळ म्हणून यायचा. गल्लीतल्या साऱ्या सुना आपापल्या भावाबरोबर चार दिवस माहेरी राहायला जायच्या. तुम्ही मात्र मामाला चहा पाजायचात, त्याच्या पाठीवर थाप मारायचात, आणि मीच घेऊन येतो की, असं म्हणून एकट्याला परत पाठवायचात. मग पंचमीच्या सकाळी आपण तिघं पहिल्या गाडीनं निघायचो. आईला खिडकीची जागा, आणि भोकरला गाडी थांबली की उतरून तिच्यासाठी केळी. किनवटला तुम्ही ओसरीवर पेपर वाचत बसायचात. दिवस कलला, बायका फेर धरायला देवळापुढं जमू लागल्या, की तुम्ही शेवटच्या गाडीसाठी चपला घालून दारात उभे. आईनं लग्नानंतर माहेरचा फेर कधी धरलाच नाही.

आजी मला अजून दिसते. उंबऱ्यात आडवी उभी आहे, हात पुरणानं पिवळे झालेत. म्हणते, "जावईबापू, एक रात ऱ्हाऊ द्या माझ्या लेकीला." तुम्ही हसता. "हिच्याबिगर मला करमत न्हाई बघा." सगळी ओसरी हसते. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसते. आजी तेवढी हसत नाही. पुढं आजी गेली, तर तिच्या मातीच्या दिवशीसुद्धा तुम्ही आईला संध्याकाळी परत आणलंत. तुम्हाला भाकरी थापता येत होती, अण्णा. तुम्ही उपाशी राहिला नसतात. तुम्हाला नुसतं करमत नव्हतं. तुमच्या करमण्यापायी एका बाईचं माहेर गेलं आणि आम्ही सगळे त्याला माया म्हणत राहिलो.

तुमच्या माघारी मामा दरवर्षी बोलवायचा आणि आई काहीतरी कारण काढायची. यंदा तो काठी टेकत पुन्हा मूळ होऊन आला. मी लातूरहून मुद्दाम आठवडाभर आधीच आले होते. आईच्या चार दिवसांच्या साड्या बॅगेत भरल्या आणि दोघींनी त्याच्याबरोबर पंचमीच्या सकाळी किनवट गाठलं. दुपारपर्यंत ती छान रमली. लाह्या खाल्ल्या, भावजयीची थट्टा केली. मग बायका देवळाकडं निघाल्या तशी ती उठली आणि बॅग घेऊन ओसरीवर येऊन बसली. गाडी चुकेल म्हणाली. मी म्हटलं, आई, आपण राहायला आलोय, घराला कुलूप आहे, तिथं आपली वाट बघायला कुणी नाही.

ती म्हणाली, "ठावं हाय मला. पर हितं मला रात काढता येत न्हाई. लगीन झाल्यापासनं कवा काढलीच न्हाई."

मामानं तिच्या हातातली बॅग घेतली आणि स्टँडच्या वाटेला लागला.

परतीच्या गाडीत मला रडू आलं ते रागानं. हे सगळं तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, तेव्हा जमलं नाही. आता लिहून तरी कुठं धाडणार? आईला वाचून दाखवणार नाही, ती तुमचीच बाजू घेईल. पण सगळं बोललेच आहे तर एवढंही सांगते. भोकर मागं पडलं तेव्हा आई माझ्या खांद्यावर झोपली होती. मी फोन काढून बघितला. मला लातूर सोडून कितीतरी दिवस झाले होते, आणि मी परत कधी येणार हे माझ्या नवऱ्यानं एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हा अण्णा, मला आईचा हेवा वाटला.