बगळ्याची चाल

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (रागाच्या भरात उभ्याउभ्याच घातला आहे, तरी पोचला असं समजावं.) तुमचा ऑपरेशन झालेला गुडघा कसा आहे? मामी बऱ्या असतील, मांजर बरं असेल, सगळं जग बरं असेल. मी मात्र अजिबात बरा नाही. फोन का केला नाहीस, असं विचाराल. मी फोनवर तावातावाने बोलायला लागलो की तुम्ही "आवाज तुटतोय रे" म्हणून फोन ठेवून देता, हे मला पक्कं ठाऊक आहे. पत्राचा आवाज तुटत नाही, म्हणून पत्र.

मी पोटासाठी काय करतो हे आपल्या नात्यागोत्यात फक्त तुम्हाला कळलंय, बाकीच्यांनी हात टेकलेत. थोरली काकू अजून विचारते की दिवसा चित्रं काढतोस, संध्याकाळी पुंगी वाजवतोस, मग काम कधी करतोस? पुंगी! मामा, ट्रॉम्बोन आहे तो! हातभर लांब पितळी नळी पुढेमागे सरकवून वाजवावा लागतो, आणि माझी खोली इतकी अरुंद की सगळ्यात खालचा सूर लावायचा तर आधी खिडकी उघडावी लागते. परवा त्या सुराबरोबर शेजारच्या वकीलबाईंचा वाळत घातलेला काळा कोट आत आला. बाई त्याला चोरी म्हणाल्या. मी म्हटलं, जॅझमध्ये असं होतं. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, कारण मामी हे पत्र मोठ्याने वाचणार.

तर मुद्दा. जॅझची मेख मी तुम्हाला मागे सांगितली होती: ठोका जिथे पडेल असं वाटतं तिथे तो पडतच नाही, जरा रेंगाळतो, दाराशी थांबून घाम पुसतो आणि मग आत येतो. आमच्या नव्या कार्टून सिनेमातला माझा बगळा नेमका तसा चालतो. म्हातारा आहे, दीपगृहाचा राखणदार आहे, आणि सबंध सिनेमात एक अक्षर बोलत नाही, नुसता चालतो. म्हणजे तो जो काही आहे, तो त्याच्या चालण्यात आहे. डावा पाय टाकतो, उजवा उचलतो, तो हवेत धरून क्षणभर विचार करतो आणि शेवटच्या घटकेला असा टाकतो की बघणाऱ्याने म्हणावं, पडलं बिचारं! पण पडत नाही. तेवढं थबकणं साधण्यासाठी मी सबंध उन्हाळाभर कागदावर कागद ठेवून पेन्सिली झिजवल्या. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला, पण बगळा चालला. आमच्या दिग्दर्शिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. (त्यांना सर्दीही होती, पण मला त्यात पडायचं नाही.)

आणि मग आले पट्टीसाहेब. हे आमच्याकडचे नवे तपासनीस. यांच्या टेबलावर कायम एक पोलादी पट्टी असते, म्हणून हे नाव. (गाण्यातली पट्टी यांना माहीत नाही. माझा ट्रॉम्बोन बघून यांनी विचारलं की हा नळ दुरुस्तीला कुठे देता?) त्यांच्या कंप्युटरमध्ये असं काहीतरी आहे, की दोन पावलांमध्ये उन्नीस-बीस फरक दिसला की तो लाल होतो आणि एक बटण दाबलं की सगळी पावलं सारखी करून टाकतो. मला धोक्याचा वास आला होता, म्हणून सुट्टीवर जाण्याआधी मी भिंतीवरच्या फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं: "बगळ्याची चाल कायम. कुणीही हात लावू नये."

परत येऊन बघतो तर माझा बगळा कवायत करतोय! डावा-उजवा, डावा-उजवा, छाती पुढे, जणू दीपगृहावर नव्हे, चौकीवर हजर व्हायला निघालाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पट्टीसाहेबांना जाब विचारला तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, चालीला कुठे हात लावलाय? ऐका की!" आणि त्यांनी संगीत लावलं. मामा, बगळ्याच्या मागे वाजणारी धून मीच ट्रॉम्बोनवर वाजवलेली आहे. या गृहस्थाने चाल म्हणजे ती चाल असं समजून धून जशीच्या तशी ठेवली, आणि पाय सुधारले! आता वर धून लंगडतेय आणि खाली बगळा परेड करतोय. जन्मभर मी आपल्या भाषेचा अभिमान बाळगला की तिच्यात पायांना आणि गाण्याला एकच शब्द आहे. त्या एका शब्दाने माझा गळा कापला.

मी दिग्दर्शिकाबाईंकडे गेलो आणि पोटतिडकीने म्हणालो, माझी चाल मला परत द्या. त्यांनी मला संगीत विभागात पाठवलं. संगीतवाल्यांनी परत वर पाठवलं. दिवसभर मी जिने चढत-उतरत होतो आणि एकाही माणसाला दिसलं नाही की मीसुद्धा सारखी पावलं टाकत नाहीये! शेवटी सगळ्यांसमोर वाद झाला. पट्टीसाहेब म्हणाले, पृथ्वीच्या पाठीवर असं कुणी चालत नाही, चालत असेल तर दाखवा. बाईंनी तेच उचलून धरलं: पुढच्या शुक्रवारपर्यंत खरा माणूस तसं चालताना दाखव, नाहीतर सुधारलेला बगळा पडद्यावर जाईल. मग मी स्वतःच चालून दाखवायला उठलो. आमचा कॉरिडॉर लांबलचक, दोन्ही बाजूंना मंडळी उभी. डावा टाकला, उजवा उचलला, हवेत धरला, विचार केला आणि कचऱ्याच्या डब्यात बसलो. मला ती चाल काढता येते, वाजवता येते, फक्त चालता येत नाही! पट्टीसाहेबांनी मला हात देऊन उठवलं, हे तर मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

संध्याकाळी हॉटेलात वाजवायला गेलो, म्हटलं निदान तिथे तरी माणसं भेटतील. तर मालक आमच्या ड्रमवाल्याला विचारत होता की तुमच्या ठोक्याला उशीर होतो तो रोजचाच की वयामुळे? (ड्रमवाले निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांनी मालकाच्या दातांकडे असं बघितलं की त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं.) सगळ्या जगाला इस्त्री करायला निघालेत हे लोक, मामा. मी या नोकरीवर लाथ मारतोय. बगळा गेला तर मी राहून काय करू?

मामींना नमस्कार, मांजराला नाही. (त्याने मागच्या वेळी ट्रॉम्बोनच्या तोंडात झोप काढली होती.)

तुमचा संतापलेला,
भाचा

ता. क. राजीनामा दिलेला नाही. लिहिला होता, त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर हे पत्र लिहिलंय. कागद उलटू नये.

ता. क. दुसरा. तुमच्या लक्षात आलं असेलच, पण नसेल तर सांगतो: ती चाल तुमची आहे. लहानपणी मी तुमच्या मागून बाजारात जायचो आणि तुमच्या उजव्या पायाची वाट बघायचो. मी तसाच चालायला शिकलो होतो. पण तुम्ही पडलात कवायतीचे मास्तर! सगळ्या शाळेसमोर मला रांगेबाहेर काढून "पाऊल चुकतंय गाढवाचं" म्हणालात आणि वर्षभर डावा-उजवा करून ती चाल माझ्या अंगातून काढून टाकलीत. स्वतः मात्र शिट्टी वाजवत तसेच रेंगाळत घरी गेलात. हा अन्याय आहे, मामा. म्हणून तर मी डब्यात बसलो.

ता. क. तिसरा. मामींचा फोन आला होता. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई तुम्हाला "एक-दोन, एक-दोन, दोन्ही पावलं सारखी" असं शिकवायला लागल्या, तेव्हा तुम्ही त्यांना घराबाहेर काढलंत आणि तेव्हापासून खुर्ची सोडली नाहीत, असं कळलं. मामी रडत होत्या. मला मात्र सबंध आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूचं भेटल्यासारखं वाटलं. त्या बाईंना परत बोलवा आणि सांगा की गुडघा वाकवायला शिकवा, चालीला हात लावू नका. म्हणावं, ती माझ्या भाच्याच्या कंपनीला जशीच्या तशी हवी आहे. पत्राच्या सुरुवातीला गुडघ्याचं विचारलं ते रीत म्हणून. आता खरंच विचारतो.

ता. क. शेवटचा. या पत्राला उत्तर लिहा. शिव्या असल्या तरी चालतील, पाकीट कोरं असलं तरीही चालेल. पण कोपऱ्यावरच्या टपालपेटीत ते शुक्रवारच्या आत तुम्ही स्वतः टाकायचं, हवं तर मामींचा हात धरून, हवं तितक्या वेळा थांबून. तुमच्या लेकीला मी सांगून ठेवलंय, ती फोनचा कॅमेरा लावून मागून येईल. तुम्ही वळून बघू नका. उजव्या पायाला घाई करू नका. मी वाट बघतो.