काढा, ठेवा, वर पाठवा

ता. १४, रविवार दुपार

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. शाळेत शिकवलं होतं, वडिलांना तीर्थरूप लिहायचं आणि थोरल्या भावाला तीर्थस्वरूप. बाबा गेल्यापासून आपल्याकडे दोन्ही जागा तूच सांभाळतोस, तेव्हा काहीही लिहिलं तरी चुकणार नाही. मी इकडे ठीक आहे. तू, वहिनी आणि आई ठीक असाल असं धरून चालते.

पाकीट बघून हसशील. फोन असताना हिला कागद-पेनाचं काय खूळ लागलं! पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? "ठकी, जेवलीस का? झोप होते ना? बरं, ठेव." आपलं संभाषण तेवढ्यात आटोपतं. आज मला मध्ये न तोडता बोलायचंय, आणि कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही.

बाकी खोलीचं तेच. पंखा फिरतो कमी आणि कण्हतो जास्त. घरमालक रंग काढून देतो म्हणून वर्षभर सांगतोय. शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी माझ्या दोन कुर्त्यांना अस्तर लावून दिलं, पैसे घेईनात. आईच्या गुडघ्याला शेक चालू आहे ना? तिला खाली बसू देऊ नकोस.

हाताची सूज उतरली का?

दुकानाचं शटर बोटांवर आपटलं म्हणे. मी न विचारता आईने तीनदा सांगितलं. वहिनीला फोन दे म्हटलं तर ती कामात आहे म्हणाली, आणि मागून कसलाच आवाज येत नव्हता. पण ते नंतर सांगते, आधी माझ्या कामाचं सांगायला हवं. ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. "कॉम्प्युटरवर" म्हटलं की तुझं समाधान होतं आणि आईला मिरवता येतं.

लोक फोनवर जे व्हिडिओ टाकतात, त्यांतल्या ज्यांच्याबद्दल कुणी तक्रार करतं, ते माझ्यासमोर येतात. दिवसभर. खाली तीन बटणं असतात: काढा, ठेवा, वर पाठवा, म्हणजे परदेशातल्या साहेबांकडे. फार वेळ लावायचा नाही, वेळ लागला की आमच्या हेडच्या पडद्यावर माझं नाव लाल होतं. आत जाताना फोन आणि पेन कपाटात ठेवून जावं लागतं. काय पाहिलं ते बाहेर कुणाला सांगणार नाही, असं सही करून दिलंय. ती सही मी आता मोडते आहे, आणि हे काही पहिल्यांदा मोडत नाही.

काय वाईट, काय चालेल, याचं एक जाडजूड नियमपुस्तक आहे. ते लिहिणाऱ्यांनी आपल्यासारखी गल्ली जन्मात पाहिली नसणार. बाळाला पाजणारी बाई दिसली की काढा. शिव्या आपल्या भाषेत असल्या तर बहुतेक ठेवाच, कारण त्यांच्या यादीत आपल्या शिव्याच नाहीत. माझ्या शेजारी बसते ती चष्मेवाली एका श्रीमंत देशाचे व्हिडिओ बघते. तिच्याकडे एकदा कुत्र्याला लाथ मारणारा माणूस आला, तर संध्याकाळपर्यंत मीटिंग झाली, तिकडचे पोलीस त्याच्या दारात पोचले, आणि हिला दोन दिवस सुटी मिळाली, मनाला त्रास झाला म्हणून. कुत्र्याचं वाईट वाटतंच रे. पण आपल्याकडची माणसं माझ्या पडद्यावर रोज मार खातात, आणि मला चहालासुद्धा उठता येत नाही.

तू मला चिडवायचास, "समाजशास्त्र शिकून काय करणार, समाज किलोने विकणार?" आमच्या बाई वर्गात सांगायच्या, चोर कोण ते बघण्याआधी चोर ठरवायचा अधिकार कुणाच्या हातात आहे ते बघा. मी ते वाक्य परीक्षेत लिहून भरपूर मार्क मिळवले. माझ्या शिक्षणासाठी तू तुझं अर्ध्यावर सोडलंस, हे मी विसरलेले नाही दादा. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेव.

गेल्या सोमवारी एक व्हिडिओ आला. समोरच्या गच्चीवरून काढलेला. पाण्याच्या टाकीजवळ दहा-बारा माणसं आणि मध्ये एक बाटल्या गोळा करणारा, गोणी खाली पडलेली, हातात पितळी तोटी. गल्लीतल्या तोट्या चोरीला जातात आणि पाणी वाहून जातं, ही तुझी तक्रार मी महिनाभर ऐकत होते. टाकी ओळखीची वाटली. मग मला तुझी पाठ दिसली.

पाठीवरून चूक होऊ शकते, असं मी स्वतःला सांगितलं. पण तू पुढे झालास आणि हातातलं घड्याळ काढलंस. माझ्या पहिल्या पगारातलं. ते शर्टाच्या खिशात ठेवलंस आणि खिशाला बटण लावलंस. मग मारलंस.

दादा, मी हजारो मारामाऱ्या पाहिल्या आहेत. माणसाचं डोकं फिरतं तेव्हा त्याला स्वतःच्या चपलेचंही भान नसतं. तुला घड्याळाचं भान होतं. गल्लीत तुझा शब्द चालतो, पाण्याच्या मीटरपासून सोयरिकीपर्यंत लोक तुला विचारतात. "बास, सोडा त्याला" एवढं तू म्हणाला असतास तर सगळे मागे सरले असते. तू म्हणाला नाहीस. तो माणूस आधी हात जोडत होता, मग हाताने डोकं झाकत होता, मग हात खाली पडला. कुणीतरी हसत होतं. तू हसत नव्हतास, तेही सांगते.

मी "काढा" दाबलं. नियमाने तो काढायचाच होता. नियम आणि नातं दोन्ही एकच सांगतायत, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच झालं. मग पुढचा व्हिडिओ उघडला.

तिथेच संपलं असतं तर हे पत्र मी लिहिलं नसतं. मी एवढीच धीट आहे.

बुधवारी तोच व्हिडिओ पुन्हा आला. दुसऱ्या कुणीतरी टाकलेला. या वेळी खाली एका बाईने लिहिलं होतं, "हा माझा दादा आहे. चार दिवस घरी आला नाही. कुठल्या दवाखान्यात नेलं, कुणी सांगेल का?" पुढे फोन नंबर. त्याखाली लोकांनी तिलाच शिव्या घातल्या होत्या, चोराची बहीण म्हणून. मी तो व्हिडिओ काढला असता तर तिचा प्रश्नही त्याच्याबरोबर गेला असता.

मी "वर पाठवा" दाबलं. हेड माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाला, "अगं, असल्या गल्लीतल्या मारामाऱ्या वर पाठवू नकोस. तिकडे आपली भाषा कळणारं कोण बसलंय? काढ आणि पुढे हो."

पेन नव्हतं. तो नंबर ओठातल्या ओठात घोकत मी सुटी होईपर्यंत काम केलं आणि बाहेर आल्यावर मनगटावर लिहिला. मग दवाखान्यांना फोन लावत सुटले. तिसऱ्या ठिकाणी तिचा दादा सापडला. बेवारस म्हणून नोंद होती. पोलिसांत अज्ञात इसमाला अज्ञात जमावाने मारलं, एवढंच. तिला मी कळवलं.

ती एका लाँड्रीत चादरी धुते. मला म्हणाली, "ताई, तुम्ही कोण?"

"एका ऑफिसातून बोलते."

"पोलीस म्हणतात, कुणी मारलं ते सांग, मग लिहून घेतो. मी कसं सांगू? मी तिथे असते तर मारू दिलं असतं का?"

तोटी त्याने चोरली होती की नव्हती, मी विचारलं नाही. चोरलीच होती असं धर. धरून बघ, आणि मग पुढचं वाक्य वाच. परवा पहाटे तो गेला.

तुला हे कळलंय का? आईला नक्कीच कळलेलं नाही. मी फोनवर गल्लीतल्या मारामारीचं विचारलं तर "चोर होता गं, त्याला अद्दल घडली," असं ती म्हणाली, तेव्हा तिच्या लेखी तो जिवंत होता.

मी रडले ती त्याच्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू? तुझ्यासाठी रडले. वाटलं, नोकरी सोडावी, घरी यावं, तुझ्या हाताला मलम लावावं आणि शटरचीच गोष्ट सगळ्यांनी मिळून खरी मानावी. तुझ्यावर माझा इतका जीव आहे की मला ते जमलं असतं. आणि गंमत बघ, लेखी नियमाने पाहिलं तर या सगळ्या प्रकरणात आतापर्यंत गुन्हेगार ठरण्यासारखी मी एकटीच आहे. ऑफिसला कळलं तर ते मला बाहेर काढतील, खटला भरतील. तुला मात्र गल्ली अजून नमस्कार करत असेल.

काल तिचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "ताई, तुम्हीच एक भेटलात माणसासारख्या. माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात याल का? तुम्ही बोललात तर लिहून घेतील." ज्या बाईला स्वतःच्या भावाचं मरण नोंदवायला दुसऱ्या कुणाची तरी बोली उसनी आणावी लागते, तिला नाही कसं म्हणायचं? तुला जमलं असतं तर सांग. मला नाही जमलं.

मी हो म्हणाले. शुक्रवारी सकाळी. मी कोणाची कोण, हे तिला अजून माहीत नाही.

पत्र मंगळवारी, फार तर बुधवारी तुझ्या हातात पडेल. वाचून फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी विरघळेन, हे तुला माहीत आहे आणि मलाही. वहिनीला सांग, ती न विचारता ओळखून बसली असणार. आईला तूच सांग, समोर बसून. मग घराबाहेर पड आणि आमच्या आधी पोलीस ठाण्यात जा. स्वतः गेलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, वकिलापासून डब्यापर्यंत सगळं माझ्याकडे लागलं. तू नाही गेलास तरी मी जाणार आहे. धमकी देत नाही रे. तुला धमकी द्यायची माझी काय प्राज्ञा! तुला न सांगता गेले असते तर ती चोरी झाली असती, एवढंच.

तिथे गेल्यावर ते आधी माझं पूर्ण नाव विचारतील. माझं, मग बाबांचं, मग आडनाव. त्यातलं पहिलं तेवढं माझं एकटीचं आहे. मारणाऱ्याचं नाव सांगताना पुढची दोन पुन्हा उच्चारली की तिला कळेलच.

त्याआधी तू पोच.

तुझीच,
ठकी